वैमानिकाचा जेवणखर्च आणि कर्जाचे गणित

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलीला प्रवासी विमानसेवेत वैमानिक व्हायचे आहे आणि प्रशिक्षणासाठी आपण कर्ज काढणार आहात. ‘वैमानिकांचे बाहेरचे खाणेपिणे कंपनीच पाहते, त्यामुळे पगार सगळा शिल्लक राहतो’ असे एका परिचिताने आपल्याला सांगितले असून ते कितपत खरे, असे आपण विचारले आहे. विधानाचा पहिला भाग बहुतांशी खरा आहे. दुसऱ्यावर विसंबून हप्त्यांची आखणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेरगावच्या मुक्कामात हॉटेलची खोली आणि विमानतळापासून तेथपर्यंतचे वाहन यांची व्यवस्था सहसा कंपनी करते व त्यांचे पैसेही परस्पर चुकते करते. जेवणासाठी मात्र बहुधा ‘पर डिएम’ हा प्रवासभत्ता मिळतो. अनेक कंपन्यांत तो तासांवर मोजला जातो आणि हे तास बेसवर, म्हणजे नेमणुकीच्या मुख्य विमानतळावर, ड्युटीला हजर झाल्यापासून पुन्हा बेसवर ड्युटी संपेपर्यंत धरले जातात. सोमवारी सकाळी आठला निघालेली वैमानिक बुधवारी रात्री आठला परतली, तर प्रत्यक्ष उड्डाण पंधरा तासांचेच असले तरी भत्ता साठ तासांचा होतो, कारण त्यात झोपेचे तासही येतात. दर देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय मुक्कामासाठी वेगळे असू शकतात. पावत्या सहसा मागितल्या जात नाहीत. उरलेले पैसे तिचे, तसा जास्तीचा खर्चही तिचाच.

विमानातले जेवण ही याहून निराळी बाब आहे. युरोपीय नियमांनुसार ड्युटीत, विशेषतः ती सहा तासांपेक्षा लांबली तर, खाण्यापिण्याची संधी द्यावीच लागते. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत कर्मचाऱ्यांचे जेवण सहसा कंपनीकडूनच येते. कॅप्टन आणि को-पायलट यांनी वेगवेगळे पदार्थ खावेत, असा दंडक अनेक ठिकाणी आहे आणि तो अनाठायी नाही: 1975 मध्ये अँकरेजहून कोपनहेगनला निघालेल्या जपान एअर लाइन्सच्या विमानात दूषित नाश्त्याने सुमारे दोनशे जण आजारी पडले, सुदैवाने वैमानिकांनी तो खाल्ला नव्हता. छोट्या फेऱ्यांमध्ये मात्र दोन उड्डाणांमधला वेळ इतका अपुरा असतो की पुष्कळ वैमानिक घरचा डबाच बरोबर नेतात.

आता कर्जाविषयी. हा भत्ता खर्चाची भरपाई आहे, कमाई नव्हे, आणि तो घराबाहेर असण्याशी बांधलेला आहे. रजा, आजारपण, बेसवरचे सिम्युलेटर प्रशिक्षण किंवा वैद्यकीय कारणाने उड्डाणाला मनाई झाली की तो आटतो. हप्ता मात्र थांबत नाही. भत्त्यावरील कराचे नियमही देशागणिक बदलतात. अमेरिकेत, उदाहरणार्थ, रात्रीचा मुक्काम असलेल्या प्रवासाचा भत्ता ठरावीक मर्यादेपर्यंत करमुक्त असतो, पण त्याच दिवशी परतण्याच्या फेरीचा भत्ता सहसा पगारासारखा करपात्र ठरतो.

म्हणून परतफेड केवळ मूळ पगारावर, म्हणजे उड्डाण कमी झाले तरी जी रक्कम हमखास मिळते तिच्यावर, बसवावी. नोकरीचा करार हाती येईल तेव्हा भत्त्याचे घड्याळ केव्हा सुरू होते, एका दिवसाच्या फेरीला तो मिळतो का, हॉटेलात नाश्ता मिळत असल्यास तेवढी रक्कम कापली जाते का आणि टाइप रेटिंगच्या, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाच्या, काळात राहण्याजेवणाचा भार कोणावर, हे तिने सही करण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. यातला शेवटचा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण पूर्ण पगार सुरू होण्याआधीचे ते काही आठवडे घरखर्चावर अनपेक्षितपणे येऊन पडतात.

आपला,
करिअर मार्गदर्शक