कबुली देण्यापूर्वी कागद वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कणकवलीजवळच्या नाकाबंदीत तुझ्यावर दारू पिऊन मोटारसायकल चालविल्याचा गुन्हा दाखल झाला आणि आता समन्स आले आहे, हे तुझ्या पत्रातून समजले. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळे व्हावे, असे तुला वाटते. या घाईला माझा स्पष्ट विरोध आहे. हेल्मेट नसल्याचे चलन भरण्याइतके हे साधे प्रकरण नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढे पुन्हा असा गुन्हा घडला तर हीच मर्यादा दोन वर्षे आणि पंधरा हजारांवर जाते, आणि आज दिलेली कबुली त्या वेळी पहिली शिक्षा म्हणून मोजली जाते. शिवाय कबुलीनंतर अपील उरते ते शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढ्यापुरतेच. तू बोटीवर जाण्याची तयारी करतो आहेस, तेव्हा चारित्र्य पडताळणीच्या प्रत्येक अर्जात तुला या शिक्षेचे उत्तर द्यावे लागेल, हे विसरू नकोस.

म्हणून आधी कागद हातात घे. दोषारोपपत्र आणि त्यासोबतच्या कागदांच्या प्रती आरोपीला विनामूल्य मिळतात. त्या मिळाल्याशिवाय उत्तर देऊ नकोस. त्यातली श्वास तपासणीची छापील चिठ्ठी सर्वांत आधी पाहा. तिच्यावरचे नाव, तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा एकेक करून वाच, आणि तीच वेळ पंचनाम्यात, फिर्यादीत व पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत (रोजच्या नोंदवहीत) काय लिहिली आहे ते शेजारी ठेवून ताडून पाहा. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्काची आहे; आकडा त्याच्या वर असल्याचे सिद्ध करणे हे सरकार पक्षाचे काम आहे. यंत्र केंद्र सरकारने मान्य केलेल्या प्रकारचे होते का, त्याची अचूकता शेवटची कधी तपासली होती आणि चाचणी घेणारा अंमलदार साक्षीला येणार आहे का, हे प्रश्न उलटतपासात विचारण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

रुग्णालयात नेले असेल तर वैद्यकीय प्रमाणपत्रही तितक्याच बारकाईने वाच. याच अधिनियमाच्या कलम 202 प्रमाणे अटक केल्यापासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. ती न झाल्यास कोठडीतून सोडावे, असे कायदा म्हणतो. तेवढ्याने खटलाच संपतो, असे जे चहाच्या टपरीवर सांगितले जाते, त्यावर विसंबू नकोस. मात्र विलंब झाला असेल तर तो वकिलाने न्यायालयापुढे ठळकपणे मांडलाच पाहिजे. रक्ताचा नमुना घेतला असल्यास त्याचे सील, नमुन्यावरचा क्रमांक आणि प्रयोगशाळेच्या अहवालातला क्रमांक जुळतात का, तेही पाहावे. नुसता तोंडाला वास, अडखळती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या यांवरून माणसाने दारू घेतली होती असे निश्चित धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका अपिलात 1971 साली सांगितले आहे. उलट, तू चाचणीला नकार दिला असशील आणि त्याला सबळ कारण नसेल, तर कलम 205 प्रमाणे तो नकारच तुझ्याविरुद्ध वापरता येतो, हेही मनात असू दे.

वकिलापासून काहीही लपवू नकोस. त्या रात्री किती घेतली, कोठे घेतली, शेवटचा पेला आणि नाकाबंदी यांत किती वेळ गेला, हे त्यांना जसे घडले तसे सांग. मित्राला खोटी साक्ष द्यायला उभे करण्याचा विचार कोणी सुचवला तर तो तिथेच मोडून काढ. उलटतपासात असे साक्षीदार टिकत नाहीत, आणि मित्राला तू नाहक खोट्या साक्षीच्या गुन्ह्यात ओढशील. पुराव्यातली उणीव दाखवणे हा तुझा हक्क आहे, पण खोटे रचणे हा निराळा गुन्हा आहे. आणि कागद वाचून झाल्यावर आकडा खरा आहे, कार्यपद्धती नीट पाळली आहे असे तुझे आणि वकिलाचे दोघांचेही मत झाले, तर कबुली द्यायला मी तुला अडवणार नाही. त्या वेळी तुझे वय, पहिलाच गुन्हा आणि कोणाला इजा झालेली नसणे या गोष्टी शिक्षेच्या मुद्द्यावर न्यायालयाला सांगता येतील. घाटातल्या वळणावर समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांचा जीव तू त्या रात्री धोक्यात घातला असशील, तर त्याची टोचणी तुला लागावी, हे मला मनापासून वाटते.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज कर. पात्र ठरलास तर वकील विनामूल्य मिळतो. तारखेला वेळेच्या आधी न्यायालयात पोहोच, कारण गैरहजर राहिलास तर वॉरंट निघेल. 'गुन्हा कबूल आहे का' असे विचारले आणि तोवर प्रती मिळालेल्या नसतील, तर प्रती मिळाव्यात आणि पुढची तारीख द्यावी, अशी नम्र विनंती कर. प्रती हाती आल्या की त्या घेऊन रविवारी सकाळी माझ्याकडे ये. आपण त्या एकत्र बसून वाचू.

तुझा हितचिंतक,
वकीलकाका