वाचकांचे प्रश्न : परदेशातल्या मार्शल आर्ट्स शिबिराला निघताना

प्रश्न : सहा वर्षं कराटे शिकतो आहे. आठवड्यातून ३ दिवस, दीड-दीड तास सराव असतो. तीन महिन्यांनी उष्ण, दमट हवेच्या देशात १० दिवसांचं शिबिर आहे. तिथे सकाळ-संध्याकाळ मिळून रोज ५ तास सराव होईल. तयारी कशी करू?

उत्तर : आज तुम्ही आठवड्याला साडेचार तास करता, तिथे त्याहून जास्त एका दिवसात होणार. दम कदाचित टिकेल. तळपाय, नडग्या आणि जांघा मात्र एवढी एकदम वाढ सोसत नाहीत. आजपासून दर आठवड्याला अर्धा-पाऊण तास वाढवा आणि दर चौथा आठवडा हलका ठेवा. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून दोनदा एकाच दिवशी दोन सत्रं करा. थकल्या पायांनी पुन्हा उभं राहायची सवय तेव्हाच लागते. निघण्याआधीच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा. राहून गेलेलं भरून काढायला तो आठवडा वापरू नका.

सराव अनवाणीच करा. चवड्यावर, अंगठ्याच्या बुडाशी फोड येतो, कारण वळताना कातडी जमिनीला धरून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. त्या ओढाताणीत कातडीचे थर सुटतात, मध्ये पाणी भरतं. घामाने ओलसर झालेली कातडी आणखी धरते. तिथे चटका बसल्यासारखं वाटलं की लगेच बाजूला व्हा, पाय कोरडा करा आणि चिकटपट्टी लावा. फोड आलाच आणि तणावाने दुखू लागला, तर निर्जंतुक सुईने कडेला छिद्र पाडून पाणी काढा. वरची कातडी सोलू नका. जखमेवरचं सर्वांत चांगलं झाकण तेच.

उष्म्याला शरीर रुळायला १ ते २ आठवडे लागतात, म्हणून जमलं तर तीन-चार दिवस आधी पोहोचा. सत्राआधी आणि सत्रानंतर, घाम पुसून, वजन करा. १ किलो घटलं तर पुढच्या काही तासांत साधारण दीड लिटर पाणी, थोडं थोडं, मीठ असलेल्या खाण्याबरोबर घ्या. नुसतं पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि पाणी कमी पडलं असं समजून माणूस आणखी पितो. सत्रानंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं दिसलं, तर पाणी जास्त झालं आहे. स्नायू सुजून टणक झाले आणि लघवी कोलासारखी गडद झाली, तर तडक रुग्णालयात जा. स्नायू फुटून त्यातलं प्रथिन मूत्रपिंडांना इजा करत असतं. ते विश्रांतीने भागणारं दुखणं नाही.

गी, म्हणजे कराटेचा पोशाख, दोन घ्या. जाड सुती कापड दमट हवेत रात्रभरात वाळत नाही, आणि ओल्या गीमुळे काखेत-जांघेत कातडी सोलवटते, नायटाही धरतो. टॉवेल कुणालाही देऊ नका, कुणाचा घेऊही नका.

प्रश्न : नानचाकू (साखळीने किंवा दोरीने जोडलेले दोन दांडके) आणि साई (तीन टोकांचं धातूचं शस्त्र) विमानातून नेता येतील का?

उत्तर : केबिनमध्ये नाहीच, चेक-इनच्या सामानातही विमान कंपनीला आधी विचारून, टोकं गुंडाळून. पण कंपनी हो म्हणाली म्हणजे काम झालं असं नाही. उतरण्याच्या देशाचा कायदा वेगळा असतो. कॅनडा आणि जर्मनीत नानचाकू हे प्रतिबंधित शस्त्र आहे. वाटेत विमान बदलणार असाल, तर त्या देशाचा नियमही पाहा. आमचं मत सरळ आहे : शस्त्रं शिबिरातलीच वापरायला मागा.

औषधांनाही हेच लागू. जपानमध्ये १० टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध नेता येत नाही, आणि हा घटक सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत असतो. गोळ्यांच्या पाकिटावरचे घटक घरीच वाचा.

प्रश्न : प्रवास विमा काढला आहे. तो पुरेल ना?

उत्तर : बहुधा नाही. साध्या प्रवास विम्यात लढतीचे खेळ अनेकदा वगळलेले असतात. पॉलिसीतला अपवादांचा भाग वाचा आणि कंपनीला लेखी विचारा : संपर्क असलेलं स्पॅरिंग, म्हणजे अंगाला फटके बसणारी सरावाची लढत, धरलं आहे का? दातांचा खर्च? मोडलेल्या हाडासह घरी परतण्याचा खर्च? उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं ‘हो’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

प्रश्न : थायलंडमध्ये दोन-तीन महिने मुएथाई (थाई बॉक्सिंग) शिकायचं आहे. पर्यटक म्हणून गेलं तर चालेल?

उत्तर : एवढ्या मुदतीसाठी डेस्टिनेशन थायलंड व्हिसा पाहा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या व्हिसात मुएथाई प्रशिक्षण धरलेलं आहे आणि एका वेळी १८० दिवस राहता येतं. मात्र अर्जाबरोबर प्रशिक्षण केंद्राचं प्रवेशपत्र लागतं. म्हणून आधी केंद्र ठरवा, मग अर्ज, आणि तिकीट सर्वांत शेवटी.