गोवा ते दुबई विमानाला नेमका किती वेळ लागतो?

तुमची आई फोंड्याहून पहिल्यांदाच एकटी दुबईला तुमच्याकडे येतेय. तिच्या तिकिटावर येताना दोनच तास दिसतात आणि परतताना पावणेपाच, म्हणून छपाईत घोळ आहे का, असं तुम्ही विचारलंय. घोळ काही नाही. सुटायची वेळ गोव्याच्या घड्याळाची असते, उतरायची दुबईच्या, आणि दुबई आपल्या दीड तास मागे. सकाळी १० ला सुटलेलं विमान साडेतीन तासांनी, म्हणजे आपल्याकडे दीड वाजता उतरतं, तेव्हा तिथे १२ वाजलेले असतात. परतताना तोच दीड तास वर चढतो.

गोव्यातल्या दाबोळी विमानतळापासून दुबईपर्यंत सरळ रेषेत अंतर साधारण २,२०० किलोमीटर आहे. ताशी आठशे-साडेआठशेच्या वेगाने पावणेतीन तासांत पोचायला हवं, पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, दुबईच्या गर्दीत उतरायला नंबर लागणं, हे सगळं वेळापत्रकात धरलेलं असतं. शिवाय हिवाळ्यात तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. तो दुबईकडे जाताना समोरून येतो आणि परतताना पाठीमागून ढकलतो, म्हणून परतीचा प्रवास थोडा लवकर आटपतो.

मला जास्त काळजी वाटते ती विमानतळाची. गोव्यात आता दोन आहेत. दाबोळी वास्कोजवळ, नौदलाच्या तळावर. आणि मोपा थेट पेडण्यात, जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला. फोंड्याहून दाबोळी जवळ पडतं, त्यामुळे टॅक्सीवाला न विचारता तिकडेच वळण्याची शक्यता फार. एकाहून दुसरीकडे जायला तास-दीड तास सहज जातो, तेवढ्यात काउंटर बंद होतो. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. हे आईला फोनवर सांगू नका, कागदावर ठळक मराठीत लिहून तिच्या पर्समध्ये ठेवायला घरच्यांना सांगा.

थोडे पैसे जास्त पडले तरी थेट विमानच घ्या. मुंबईमार्गे दर कमी दिसतो, पण थांबा धरून सात-आठ तास सहज होतात. त्यात परतताना मुंबईतच इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅगा उचलून कस्टम्स, मग त्या पुन्हा गोव्याच्या विमानाला द्यायच्या. एकट्या, पहिल्यांदा जाणाऱ्या बाईवर हे सगळं कशाला टाकायचं?

आणि एक, आई तुमच्यासाठी शागोतीचा, म्हणजे कोंबडी-मटणाच्या गोवेकरी रश्श्याचा मसाला हमखास बांधून घेणार. त्यात खसखस असते आणि अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, अगदी चिमूटभरसुद्धा. तिला आत्ताच सांगा, म्हणजे मसाला खसखस न घालता करता येईल.