उणे बारा की ऋण बारा?

डिप्लोमाच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : पॉवर सप्लायवरचं ‘−१२ व्होल्ट’ मराठीत कसं म्हणावं, ऋण, उणे की वजा? आणि शून्याच्याही खाली व्होल्टेज कसं असतं?

आधी दुसरं. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या घ्या, एकीचं मायनस दुसरीच्या प्लसला जोडा. मल्टिमीटरची काळी पिन त्या सांध्यावर धरून लाल पिन मोकळ्या टोकांना लावा. एकीकडे ९ दिसतील, दुसरीकडे −९. आता काळी पिन त्या −९च्या टोकावर न्या. सांधा ९ दाखवेल, पलीकडचं टोक १८. बॅटऱ्यांना हातही न लावता उणे नाहीसं झालं! व्होल्टेज हा दोन जागांमधला फरक, आणि ग्राउंड म्हणजे आपण शून्य धरलेली जागा. −१२ म्हणजे त्या जागेपेक्षा बाराने कमी, एवढंच.

नेमकं हेच ‘उणे’ सांगतो. मुळात संस्कृत ‘ऊन’, म्हणजे कमी. एकोणीसमध्ये तोच बसलाय : विसाला एक उणा. उणं म्हटलं की कशापेक्षा, हे आलंच. म्हणून आकड्याआधी मी ‘उणे’च म्हणेन, आणि जोडीला ‘अधिक’. अधिकउणं आपण रोज बोलतोच की.

‘ऋण’ला मोठी परंपरा आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८मध्ये धन-ऋणाचे नियम मांडले. ऋण प्रभार, ऋणाग्र इथे तो शोभतो. पण ‘ऋण बारा व्होल्ट’ ऐकलं की ही वीज काही वेगळ्याच जातीची वाटते. ‘वजा’ ही क्रिया, ती बेरीज-वजाबाकीपुरती ठेवावी.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, ‘बारा-झिरो-बारा’ ट्रान्सफॉर्मर मागतात, ते मला फार आवडतं. मधल्या टॅपला, म्हणजे वेटोळ्याच्या मध्यातून काढलेल्या तारेला, शून्य म्हणून दोन्हीकडे बारा! तो घेऊन सप्लाय बांधणार असाल तर एक सांगतो. व्होल्टेज ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारा रेग्युलेटर अधिकसाठी ७८१२ लागतो, उणेसाठी ७९१२, पण पिना सारख्या नाहीत. ७८१२ची मधली पिन ग्राउंड, ७९१२ची मधली इनपुट, आणि धातूची पाठही मधल्या पिनेलाच जोडलेली. दोघांना एकाच हीटसिंकवर (उष्णता घालवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसवाल तर ७९१२खाली मायका, म्हणजे वीज न जाऊ देणारी अभ्रकाची पातळ चकती, घाला, नाहीतर उणे बाजूचं इनपुट थेट ग्राउंडला शॉर्ट होईल.