विद्यार्थी चळवळीवरचा चरित्रपट? 'गी' बघा

विद्यार्थी नेत्यावरचा असा चरित्रपट हवाय ज्यात नायक नुसत्या घोषणा देत नाही, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर 'गी'. इंडोनेशियाचा, २००५चा, दिग्दर्शक रिरी रिझा.

सू होक गी हा जकार्तातला चिनी वंशाचा मुलगा. इतिहासाचा विद्यार्थी, नेमाने डायरी लिहिणारा. १९६६ साली राष्ट्राध्यक्ष सुकार्णोंविरुद्ध रस्त्यावर उतरला. इथवर ओळखीचंच वाटेल. पण पुढे जनरल सुहार्तो सत्तेवर आले, बरोबरच्या काहींना संसदेत जागा मिळाल्या आणि हा बसला कम्युनिस्ट म्हणून मारल्या गेलेल्या लाखो माणसांबद्दल लिहीत. म्हणजे नव्या राजवटीलाही नकोसा. डिसेंबर १९६९मध्ये त्याने अन् मित्रांनी खासदार झालेल्या त्या विद्यार्थी पुढाऱ्यांना भेट पाठवली: लिपस्टिक, पावडर, आरसा. नटा आणि साहेबांना खूश ठेवा! त्यानंतर तो सेमेरू पर्वतावर गेला आणि विषारी वायूने तिथेच संपला. दुसऱ्या दिवशी सत्ताविसावा वाढदिवस होता.

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी हा सिनेमा काकांबरोबर पाहिला. काका १९७४ला इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत होते, नवनिर्माण आंदोलनात. अहमदाबादच्या कॉलेजात मेसचं बिल वाढलं, त्यावरून पेटलेलं ते आंदोलन. ९ फेब्रुवारीला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला. पडद्यावर मोर्चे चालले होते तेव्हा काका निवांत सेव उसळ खात होते. लिपस्टिकचा किस्सा मी सांगितला तेव्हा मात्र चमचा थांबला.

"१९९०ला चिमणभाई परत मुख्यमंत्री झाले ना, तेव्हा आमच्यातलाच एक हार घेऊन पुढे उभा होता. पावडरचा डबा सुचला नाही रे आम्हाला."

सिनेमा संथ आहे, जवळजवळ अडीच तासांचा. प्रेमाचं प्रकरण तर मला ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं. १९६५चा उठाव आणि त्यानंतरचं हत्याकांड यांवर आधी थोडं वाचून घ्या, नाहीतर कोण कुणाच्या बाजूचा हेच कळत नाही. आणि डबिंग शोधू नका, मूळ भाषेतच ऐका. विद्यार्थ्याला ते 'महासिस्वा' म्हणतात, त्यातला 'सिस्वा' म्हणजे आपला शिष्य. सेमेरूच्या शिखराचं नाव महामेरू! काकांना हे भलतंच आवडलं. हल्ली माझा इंजिनिअरिंगचा मुलगा दहा वाजेपर्यंत लोळत पडला की ते दारात उभे राहून ओरडतात, "उठा, महाशिष्य!"