नमुने ढिगाने, हवा तो सापडेना

प्रश्न : निवृत्तीनंतर सुनेमुळे मला क्विल्टची, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवायच्या पांघरुणाची, गोडी लागली. ती अमेरिकेत असते. फुकट मिळणारा नमुना दिसला की मी उतरवून घेते. काही मोबाइलमध्ये आहेत, काही लॅपटॉपवर, काही छापून पिशवीत कोंबलेत. शिवायला बसलं की निम्मा वेळ शोधण्यात जातो. नावाप्रमाणे लावून पाहिलं, तर एकच नमुना तीन नावांनी तीन ठिकाणी निघाला. कसे लावू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, नावावर लावूच नका. क्विल्ट जोडून होते ती नक्षीच्या चौकोनांची. अमेरिकेतल्या बायकांनी हे चौकोन गावोगाव शिवले आणि प्रत्येक गावाने त्यांना आपलं नाव दिलं. ‘बेअर्स पॉ’ म्हणजे अस्वलाचा पंजा. हाच नमुना लाँग आयलंडवर चिखलातलं बदकाचं पाऊल म्हणून ओळखला जायचा, आणि फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या घरांत मैत्रीचा हात म्हणून. ‘चर्न डॅश’चंही तसंच, तोच ‘मंकी रेंच’ म्हणून सापडतो आणि ‘होल इन द बार्न डोअर’ म्हणूनही. ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वर्तमानपत्राने १९२८ ते १९६१ या काळात असे नमुने छापले. वाचक बायकाही आपले नमुने पाठवत, त्यामुळे नावांत आणखी भर पडली.

तुम्ही लावा ते घरांवर. नमुन्याच्या चौकोनावर आडव्या-उभ्या रेघा मारून पाहा, किती घरं पडतात ते. ‘ओहायो स्टार’, ‘शूफ्लाय’, ‘चर्न डॅश’ हे तीन बाय तीनचे. अस्वलाचा पंजा सात बाय सातचा. दोन बाय दोन आणि चार बाय चारचे एका कप्प्यात, तीन बाय तीनचे दुसऱ्यात, पाचाचे आणि सातचे वेगळे. ‘लॉग केबिन’सारखे मधल्या तुकड्याभोवती पट्ट्या जोडत जाणारे, षटकोनाचे, गोल वळणाचे आणि वरून तुकडा शिवायचे ॲप्लिक, यांना स्वतंत्र जागा द्या. क्विल्टच्या अभ्यासक बार्बरा ब्रॅकमन यांनी चार हजारांहून जास्त नमुन्यांचा कोश केला, त्यांनीही रचना बघूनच क्रमांक दिले.

याचा फायदा कापताना कळतो. तीन घरांचा नमुना ९ किंवा १२ इंचांत सरळ बसतो. सात घरांचा १२ इंचांत बसवायला गेलात तर एकेक घर पावणेदोन इंचांच्या आसपास येतं आणि पट्टीवर सापडतच नाही. त्याला ७, १०½ किंवा १४ इंच हवेत. वेगवेगळे नमुने एकाच क्विल्टमध्ये घ्यायचे असतील तर एका कप्प्यातले घ्या, मापं आपोआप जुळतात.

जुन्या नमुन्यांत पुष्कळदा नुसतं चित्र असतं, मापं नसतात. म्हणून फाइलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोनच ओळी चिकटवा. चौकोन एकदा तिरका कापून दोन त्रिकोण करायचे असतील तर तयार मापात, म्हणजे शिवून झाल्यावर दिसणाऱ्या मापात, ⅞ इंच मिळवा, दोन्ही कर्णांवर कापून चार करायचे असतील तर १¼ इंच. यात पाव इंच शिलाई धरलेली आहे. उदाहरणार्थ १२ इंची ओहायो स्टार. एक घर ४ इंचांचं. मधला एक आणि कोपऱ्यातले चार असे पाच चौकोन ४½ इंचांचे, आणि चांदणीच्या टोकांसाठी ५¼ इंचांचे चार, दोन गडद आणि दोन फिकट. ते दोन्ही कर्णांवर कापले की सोळा त्रिकोण मिळतात, चारही बाजूंना पुरतात. एवढं हाताशी असलं की चित्रावरून कोणताही नमुना शिवता येतो, आणि ढिगातले कितीतरी कागद आपसूक कमी होतात.

आता वेचणी. फुकट नमुने बऱ्याचदा कापड कंपन्या देतात, त्यांच्या नव्या कापडाची जाहिरात म्हणून. ते कापड काही काळाने बाजारातून जातं आणि नमुन्यात राहतात नुसते कापडाचे क्रमांक. मांडणी आवडली असेल तर क्रमांक खोडून तिथे फिकट, मध्यम, गडद असं लिहा. निव्वळ फोटोतल्या छापामुळे आवडला असेल, तर सोडून द्या. काही रचनाकार दर महिन्याला एक भाग फुकट देतात आणि मुदत संपली की काढून घेतात. असे नमुने पूर्ण उतरवा, नाहीतर मुळीच उतरवू नका, अर्धवट नमुना नुसता जागा अडवतो. फाइलीच्या नावात घरं, तयार माप आणि रचनाकाराचं नाव येऊ द्या, आणि नंतर दुरुस्ती निघाली आहे का ते कापायच्या आधी बघा. नमुन्यांत चुका राहतात, नंतर सुधारून टाकलेल्या असतात.

आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लिहा! तिकडचे नमुने साधारण ४२ इंच वापरायला मिळतील असं धरून केलेले असतात. आपल्याकडे ३६ पन्ह्याचं सुती कापड अजून सर्रास मिळतं. अडीच इंचांचे ६४ चौकोन हवे असतील तर ४२ इंचांत एका पट्टीतून १६ निघतात, चार पट्ट्यांत काम होतं. ३६ पन्ह्यात काठ जाऊन १४ निघतात, पाच पट्ट्या लागतात. म्हणजे १० इंच कापडाऐवजी १२½ इंच. दुकानात जायच्या आधी हा हिशेब नमुन्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने करून ठेवा.

प्रश्न : छापलेल्या फर्म्याने (तुकडे कापायच्या कागदी साच्याने) कापलेले तुकडे पट्टीने कापलेल्या तुकड्यांशी जुळत नाहीत. शिलाई तर नीट घेते.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दोष प्रिंटच्या मापाचा आहे. अमेरिकन कागद ८½ इंच रुंद, आपला ए-४ त्याहून जवळपास पाव इंचाने अरुंद. प्रिंटर पान मावावं म्हणून सगळंच थोडं आखडतो. ३ इंचांचा तुकडा २.९ च्या आसपास येतो, आणि वीस तुकड्यांच्या ओळीत दीड इंचाची तूट पडते. छापताना ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा. चांगल्या फर्म्याच्या पानावर एक इंचाचा चौकोन दिलेला असतो, तो आधी पट्टीने मोजा. बरोबर असेल तर पानावर ‘मोजलं’ असं लिहून ते प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. फर्म्यात शिलाईची जागा धरली आहे की नाही, तेही तिथेच लिहा.

प्रश्न : फुकट नमुन्यावरून शिवलेली क्विल्ट विकली तर चालेल का? मैत्रिणींच्या ग्रुपवर नमुना टाकला तर?
– एक वाचक, पणजी

उत्तर : नऊ घरांचा साधा चौकोन, लॉग केबिन, हे कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. पण रचनाकाराने काढलेली चित्रं आणि लिहिलेली कृती त्याची आहे, फुकट दिली तरी त्याचीच. विक्रीबद्दलची अट बहुधा शेवटच्या पानावर असते, ती वाचा. ग्रुपवर फाइल टाकू नका, मूळ ठिकाणाचा पत्ता द्या. ज्या बाईने महिनोन्‌महिने खपून तो नमुना मोकळा दिला, तिच्या दारापर्यंत लोक पोहोचले पाहिजेत.

प्रश्न : माझ्या आत्याने शिवलेल्या गोधड्या आहेत. त्यांचाही नमुना असा फाइलीत ठेवता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. परदेशातले शेकडो नमुने जमवणाऱ्या किती घरांत आपल्या गोधडीचा एक कागद नसतो! जरूर ठेवा.

मात्र गोधडीला चौकोन आणि घरं शोधू नका. जुन्या लुगड्यांचे थर घालून वर तुकडे मांडतात आणि सगळ्यांतून धावदोरा घालतात, पुष्कळदा कडेकडेने सुरू करून आत आत. तुकडे मिळतील तसे येतात, त्यामुळे खरी आखणी दोऱ्याची. म्हणून आधी पाठीमागून फोटो काढा. तिथे तुकड्यांची गर्दी नसते, टाक्यांच्या ओळी स्वच्छ दिसतात. खिडकीजवळ अंथरून एका बाजूने उजेड येऊ द्या, टाक्यांचे उंचवटे उठून दिसतील. मग चौकटीच्या वहीत लांबी-रुंदी, एका इंचात किती टाके, दोन ओळींत किती बोटांचं अंतर, कोपऱ्यात दोरा कसा वळवला, मध्ये ओळी कुठे संपल्या, हे उतरवा. कर्नाटकातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांच्या गोधड्या, म्हणजे कवंदीही कडेपासून आत येत शिवतात, आणि कोपऱ्यांवर घडीचे छोटे त्रिकोण लावतात, त्यांना ‘फुला’ म्हणतात. तुमच्या आत्याच्या कोपऱ्यात काय आहे ते नीट बघा.

थर किती आणि कशाचे, हे वरून कळत नाही, ते आत्यालाच विचारा. कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा तेही विचारा आणि फोटोची प्रत छापून त्यावरच नावं घाला. दोरा कुठून सुरू करायचा हे सांगताना तिचा हात आपोआप फिरेल. तेवढ्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि त्याच फाइलीच्या नावाने जपून ठेवा.