‘रेत समाधि’ वाचनगटासाठी निवडावी का?

आंतरराष्ट्रीय बुकर मिळालेली ‘रेत समाधि’ वाचनगटात घ्यावी का, आणि ज्यांनी घेतली त्यांचा अनुभव काय, असे आपण विचारले आहे. आमच्या गटाने गीतांजली श्री यांची ही कादंबरी मूळ हिंदीतूनच वाचली आणि मते इतकी टोकाची पडली की बैठक उठल्यावरही वाद जिन्यात चालू राहिला. तरीही माझे उत्तर ‘अवश्य घ्या’ असेच आहे.

तक्रार मुख्यतः पहिल्या भागाविषयी होती. नवरा गेल्यावर ऐंशीची आई घरच्यांकडे पाठ करून पडून राहते, तिने उठावे म्हणून सगळे घर झटते, आणि लेखिका मात्र मध्येच घराच्या दाराविषयी सविस्तर लिहीत बसते. ‘गोष्ट पुढे सरकतच नाही,’ असे म्हणून काहींनी पुस्तक मिटले. एका निवृत्त शिक्षिकेने तर 2018 साली आलेले हे पुस्तक 2022च्या पुरस्काराशिवाय आपण हातात तरी घेतले असते का, असे रोखठोक विचारले आणि त्यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. शब्दांचे खेळ लेखिकेला जागोजागी आवरत नाहीत, हे मलाही मान्य आहे.

परंतु ज्यांनी पहिला भाग नुसता चाळला, नेमका त्यांनाच शेवट ओढूनताणून आणलेला वाटला. जिच्या उठण्याबसण्यावर घरातला प्रत्येक जण हक्क सांगत होता, तीच आई पुढे पाकिस्तानात अधिकाऱ्यांसमोर सरहद्द म्हणजे काय हे ठणकावून सांगते. आधीचा तो ठप्प काळ सोसल्याशिवाय या बोलण्याला धार येत नाही.

तिसऱ्या भागात वाघा सीमेवर फाळणीवर लिहिणारे मंटो, कृष्णा सोबती, भीष्म साहनी आदी लेखक अवतरतात, ते प्रकरण आमच्यापैकी अनेकांच्या डोक्यावरून गेले. उल्हासनगरच्या एका सिंधी सदस्येला मात्र ते सर्वांत आवडले, कारण सिंध सोडून आलेल्या आजीच्या तोंडून तिने फाळणी ऐकली होती. म्हणून मंटोंची ‘टोबा टेक सिंग’ ही छोटी कथा सर्वांनी आधी वाचून यावे. कादंबरीसाठी दोन बैठका ठेवाव्यात, पहिली केवळ पहिल्या भागावर, आणि पुरस्कार योग्य होता की नाही हा विषय दुसरीच्या अखेरीपर्यंत काढूच नये, नाहीतर सगळा वेळ त्यातच जातो.